माहितीने भरलेली शब्दकोड्याची सूत्रे लिहिण्याआधी

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि शब्दकोश यांविषयी काही सांगायला हवे असे वाटत नाही. दिवाळी अंकासाठी किंवा वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी कोल्हापूरविषयक शब्दकोडे रचायचे आणि त्यातली सूत्रे ‘एक नदी (4)’ अशी कोरडी न ठेवता दोन-तीन ओळींची, इतिहास-भूगोलाने भरलेली लिहायची, असे ज्याने ठरवले आहे त्याची बरीचशी तयारी पहिले सूत्र कागदावर येण्याआधी व्हायला हवी. त्या तयारीतली एक गोष्ट राहिली तर बाकीची मेहनत फुकट जाते. सूत्रात घातलेला प्रत्येक तपशील नेमका कोणाचा आहे, हे उत्तर बाजूला ठेवून तपासावे. हे वाक्य पुढे पुन्हा पुन्हा येईल आणि वाचणाऱ्याने कंटाळून ते ओलांडू नये.

प्रथम जागा किती मिळणार ते संपादकांना विचारून घ्यावे. साठ सूत्रे आणि प्रत्येकी तीन ओळी म्हणजे 180 ओळी होतात, आणि एवढी जागा कोणताही अंक देत नाही. म्हणून तिसरा हिस्सा सूत्रे लांब व बाकीची दोन-चार शब्दांची, असे प्रमाण आधीच ठरवावे. लांब सूत्र कोणत्या उत्तराला द्यायचे हेही तेव्हाच ठरते. ज्या उत्तरामागे खरोखर काही सांगण्यासारखे आहे त्यालाच ते द्यावे. ‘वारा’ किंवा ‘पाट’ या शब्दांवर तीन ओळी खर्च करणाऱ्याला माहिती मिरवायची आहे एवढेच त्यातून दिसते.

चौकट आधी पूर्ण करावी आणि मगच सूत्रांना हात घालावा, कारण आवडीचे सूत्र आधी लिहून बसलेला माणूस त्या उत्तरासाठी चौकट वाकवत राहतो. एका घरात एक अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासह आणि जोडाक्षर असेल तर सगळेच्या सगळे जोडाक्षर, हा नियम कोड्याच्या माथ्यावर छापावा. या नियमाने ‘स्वप्नील’ तीन घरांचा होतो आणि मधल्या घरात ‘प्नी’ बसते. त्या घरातून उभा शब्द काढायचा हट्ट धरला तर सगळी संध्याकाळ जाईल, म्हणून असे अक्षर छेद नसलेल्या घरातच पडेल अशी मांडणी करावी. ह्रस्व-दीर्घाची सवलत द्यायची की नाही, तेही आधीच ठरवून टाकावे. माझे मत असे की देऊ नये. पण ‘जोतिबा’ आणि ‘ज्योतिबा’ अशी दोन रूपे ज्या नावाला चालतात त्याचे पहिले घर तरी छेदाला ठेवावे, म्हणजे नेमके कोणते रूप हवे ते सोडवणाऱ्याला दुसऱ्या शब्दावरून कळते. चौकटीची सममिती जमली तर चांगले. मराठी कोड्यात तिच्यासाठी कोणी अडून बसत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मागच्या खेपेला माझ्या एका सूत्रात पुढील वाक्य छापले गेले: ‘राजर्षी शाहूंचे पुत्र, ज्यांचे इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन झाले आणि ज्यांचे नाव कोल्हापुरातील जुन्या महाविद्यालयाला आहे (4)’. उत्तर ‘राजाराम’. ते चार घरांत चपखल बसले, छेदणाऱ्या सगळ्या शब्दांशी जुळले, सोडवणाऱ्यांनी बिनदिक्कत भरले, आणि सूत्र मात्र धादांत खोटे होते. फ्लॉरेन्सला 1870 मध्ये, इंग्लंडहून परतताना, वारले ते राजाराम शाहूंच्या जन्माआधीचे. शाहूंचे पुत्र राजाराम 1897 साली जन्मले, 1922 मध्ये गादीवर आले आणि 1940 मध्ये गेले. महाविद्यालय 1880 सालचे आहे, तेव्हा ते 1897 मध्ये जन्मलेल्या माणसाच्या नावाचे कसे असेल, एवढी वजाबाकीसुद्धा केली गेली नव्हती. शिवाय 1700 मध्ये सिंहगडावर वारलेले, शिवछत्रपतींचे पुत्र आणि ताराराणींचे पती राजाराम हे तिसरेच.

कोड्याची चौकट शुद्धलेखनाची चूक लगेच पकडते, कारण छेदणारा शब्द अडतो. सूत्रातली चूक मात्र ती कधीही पकडत नाही. उत्तर जुळले की रचणारा आणि सोडवणारा दोघेही निश्चिंत होतात आणि खोटी माहिती खऱ्या उत्तराच्या आडोशाने छापली जाते. आखूड सूत्रात हा धोका फारसा नसतो. चार तपशिलांच्या सूत्रात चौपट असतो, आणि कोल्हापुरात तर त्याहूनही अधिक, कारण येथे एकाच नावाची मोठी माणसे जागोजागी आहेत.

शाहू दोन: साताऱ्याचे शाहू 1749 मध्ये वारले, कोल्हापूरचे राजर्षी शाहू 1894 मध्ये गादीवर आले. संभाजी दोन: 1689 मध्ये औरंगजेबाने ज्यांना मारले ते, आणि 1731 मध्ये साताऱ्याच्या शाहूंशी वारणेचा तह करणारे कोल्हापूरचे. म्हणजे वारणेच्या तहावर सूत्र लिहिताना दोन्ही बाजूंना फसवी नावे उभी आहेत. केशवराव तीन: ललितकलादर्श मंडळीचे गायक-नट केशवराव भोसले, ज्यांचे नाव कोल्हापूरच्या नाट्यगृहाला आहे, प्रभात फिल्म कंपनीच्या भागीदारांपैकी केशवराव धायबर, आणि प्रभातच्याच ‘कुंकू’मधून दिसलेले केशवराव दाते. बाबूराव दोन: महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणारे बाबूराव पेंटर, आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचे बंधू, अभिनेते बाबूराव पेंढारकर. दोघेही त्याच कंपनीत वावरलेले असल्यामुळे एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर सहज चढते. या प्रत्येक नावाचे उत्तर चौकटीत निमूटपणे बसेल, म्हणूनच पुन्हा सांगतो की तपशील कोणाचा आहे ते आधी पाहावे.

हे पाहण्याची रीत कंटाळवाणी आहे आणि तिला पर्याय नाही. लांब सूत्राच्या प्रत्येक उत्तराला वहीत एक स्वतंत्र पान द्यावे. माथ्यावर पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्म-मृत्यूची वर्षे लिहावीत, आणि खाली एकेक तपशील, त्याचे वर्ष व तो कोठे वाचला याच्यासह, वेगळ्या ओळीत नोंदवावा. ज्या तपशिलाचे वर्ष माथ्यावरच्या दोन वर्षांच्या बाहेर पडते त्याच्याकडे संशयाने पाहावे. मराठी विश्वकोश आणि जिल्ह्याचा गॅझेटियर हे दोन आधार प्रथम चाळावेत. चौकातल्या पुतळ्याखालचा मजकूर, स्मरणिकेतला लेख आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘आपल्या कोल्हापूरचा अभिमान’ छापाची पत्रके यांच्या भरवशावर एकही तपशील घेऊ नये. तारखेबद्दल दोन मते असतील तर ती तारीख सूत्रात घालूच नये. सूत्राखाली मतभेदाची टीप देता येत नाही, आणि पत्रे मात्र दोन्ही बाजूंची येतात.

गावांनाही हाच नियम लावावा. प्रभात 1929 मध्ये कोल्हापुरात निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. त्यामुळे 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ कोल्हापूरचा, पण 1936 चा ‘संत तुकाराम’ पुण्याचा, आणि दोन्ही एकाच सूत्रात ‘कोल्हापुरात निर्मिलेले’ म्हणून बसवले की संपले. कुस्तीगीर खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकले, परंतु त्यांचे गाव गोळेश्वर, सातारा जिल्ह्यातले. जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाला वाडी रत्नागिरी म्हणतात, म्हणून त्याला कोकणात नेऊन बसवणारे सूत्र मी स्वतः वाचले आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मिळालेली भौगोलिक ओळख महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांची मिळून आहे, एकट्या कोल्हापूरची नाही. अभिमानाच्या भरात हे विसरू नये.

तपशील खरे ठरले की मग दुसरे उत्तर बसते का ते पाहावे, कारण सगळे तपशील खरे असूनही सूत्र दोघांना लागू पडू शकते. ‘कर्णावर कादंबरी लिहिणारे कोल्हापूर जिल्ह्यातील लेखक (3)’ हे सूत्र आजऱ्याचे शिवाजी सावंत आणि कोवाडचे रणजित देसाई या दोघांनाही पुरते, आणि ‘सावंत’ व ‘देसाई’ दोन्ही तीन घरांचे. ‘करवीरची देवता (4)’ म्हटले की ‘अंबाबाई’ भरावे की ‘महालक्ष्मी’? दोन्हींना चारच घरे लागतात. आणि येथे प्रश्न केवळ घरांचा नाही, तेव्हा असे सूत्र टाळलेलेच बरे. ‘मूकपटांच्या काळात कोल्हापुरात घडलेला दिग्दर्शक (4)’ यात बाबूराव आणि शांताराम दोघेही बसतात. असे सापडले की आणखी विशेषणे चढवू नयेत, दुसऱ्याला बाहेर काढणारा एकच नेमका तपशील घालावा. सावंतांना वेगळे करायला आजरा पुरेसा आहे.

काळाची मुदत असलेले शब्द खोडून काढावेत: ‘सध्या’, ‘एकमेव’, ‘आजही’, ‘सर्वांत मोठा’. ‘ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारे एकमेव महाराष्ट्रीय (3)’ हे सूत्र 1952 पासून खाशाबांसाठी पाठ होते. 2024 च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक घेतले आणि ते कायमचे बाद झाले. दोघांचेही पदक कांस्य आणि दोघांच्याही नावाला घरे तीनच, तेव्हा ‘एकमेव’ काढून नुसते ‘कांस्यपदक विजेता’ ठेवले तर दोन उत्तरे होतात. हेलसिंकी किंवा कुस्ती यांपैकी काहीतरी घालावेच लागेल. त्याच महिन्यात केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि ‘जेथे आजही प्रयोग होतात’ असे लिहून ठेवलेले कोणाचेही सूत्र रातोरात खोटे ठरले.

यानंतर वाक्यरचना. लांब सूत्रात तपशिलांचा क्रम अवघडाकडून सोप्याकडे असावा, म्हणजे जाणकाराला पहिल्याच अर्ध्या ओळीत उत्तर सापडल्याचा आनंद मिळतो आणि इतरांना शेवटपर्यंत वाचण्याचे कारण राहते. ‘कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती या पाच नद्यांनी बनलेली’ अशी सुरुवात केली तर पंचगंगा पहिल्या स्वल्पविरामालाच फुटते, आणि ‘पाच’ म्हणून तर उत्तराचा अर्धा भागच सांगून टाकला. त्याऐवजी ‘जिच्या एका उपनदीवर राधानगरीचे धरण आहे, जी प्रयाग चिखलीपासून स्वतःच्या नावाने वाहते आणि नृसिंहवाडीला ते नाव कृष्णेला देऊन टाकते (4)’ असे लिहावे. उत्तरातला शब्द, त्याचा भाग किंवा त्याचाच अर्थ सूत्रात डोकावत नाही ना, हे वाचून पाहावे. क्वचित दुहेरी अर्थ साधला तर माहितीत थोडी गंमत येते: ‘पायात घातली तर कातड्याची, कागल तालुक्यात गेलात तर सेनापतींची (3)’ यावरून ‘कापशी’ (चपलेचा एक प्रकार आणि सेनापती कापशी हे गाव) ओळखणारा मनातल्या मनात हसतो. अशी दोन-तीन पुरेत, सगळीच तशी केली तर वैताग येतो. तपशील तीनपेक्षा जास्त नकोत. चौथा लिहावासा वाटला तर तो बहुधा स्वतःसाठी असतो, आणि घाईने जोडलेला असल्यामुळे दुसऱ्याच कोणाचा तरी निघण्याची शक्यताही त्याचीच जास्त. नंतर सुचलेला तपशीलसुद्धा वहीतल्या पानावर आधी जावा, थेट सूत्रात नाही. माझे फ्लॉरेन्स असेच शेवटच्या दिवशी आले होते.

दोन दुर्मीळ नावे एकमेकांना छेदत असतील तर त्यांतल्या एकाचे सूत्र सोपे करावे, नाहीतर त्या घरापाशी सगळेच अडतात.

कोडे दोघांना सोडवायला द्यावे, एक कोल्हापूरचा आणि एक बाहेरचा. कोल्हापूरकर ‘खासबाग’ म्हणताच मैदान सांगेल, बाहेरच्याला 1912 आणि कुस्ती दोन्ही लागतील. ते सोडवत असताना शेजारी बसून इशारे देऊ नयेत. तिसरा माणूस असा शोधावा ज्याला कोडे सोडवायचे नाही, फक्त उत्तरे भरलेली प्रत घेऊन सूत्रांतले तपशील वाचायचे आहेत. शाळेत इतिहास शिकवलेली व्यक्ती मिळाली तर तिला चहा पाजून बसवावे. उत्तर शोधण्याच्या नादात नसलेल्या माणसालाच ‘हा राजाराम कुठला?’ असा प्रश्न पडतो.

राहिलेले थोडक्यात. घरांचे आकडे पुन्हा मोजावेत. आडव्या-उभ्यांचे क्रमांक चौकटीशी पडताळावेत. उत्तरे वेगळ्या पानावर द्यावीत. राजाराम, शाहू, संभाजी, केशवराव, बाबूराव यांची सूत्रे वहीतल्या पानांशी अखेरची ताडून पाहावीत. मजकूर डीटीपीसाठी देताना सोबत पीडीएफही द्यावी, कारण युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये जाताना जोडाक्षरे आणि रफार मोडतात, आणि ‘राजर्षी’चा रफार उडाला तर ते मुद्रिताच्या पहिल्या वाचनात सहसा कोणाला दिसत नाही.