शाफ्टचा टॉर्क ऑप्टिकल सेन्सरने मोजताय? या चुका टाळा

शाफ्टच्या दोन टोकांना स्लॉटवाल्या डिस्क, प्रत्येकीवर एक ऑप्टिकल सेन्सर, दोन्ही पल्समधला वेळ मोजा की शाफ्ट किती पिळला ते कळतं, त्यावरून टॉर्क, म्हणजे शाफ्टला फिरवणारा जोर. एवढं सोप्पं दिसतं म्हणून प्रोजेक्टवाली पोरं घाईघाईत रिग उभी करतात आणि मग रीडिंग नाचतंय म्हणून फोन करतात.

अरे आधी कागदावर पीळ काढा की! 40 मिमीचा भरीव स्टील शाफ्ट, डिस्कमध्ये अर्धा मीटर, 500 न्यूटन-मीटर टॉर्क, तर पीळ जेमतेम 0.7 अंश. 3000 आरपीएमला ते 40 मायक्रोसेकंदसुद्धा भरत नाहीत आणि आर्डुइनो युनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाचं वेळ सांगणारं मायक्रोज् फंक्शन 4-4 मायक्रोसेकंदांच्या उड्या मारतं, म्हणजे दहा टक्के तिथेच गेले. टायमरचं इनपुट कॅप्चर वापरा, त्यात पल्स येताच हार्डवेअरच वेळ टिपतं; कोड लिहायला वेळ जातो, जाऊ दे.

माझा खरा राग सेन्सरच्या जोडीवर आहे. एका वर्कशॉपात लोड काढलेला, शाफ्ट मोकळा, तरी आरपीएम वाढेल तसा स्क्रीनवर टॉर्क वाढतोय. सगळ्यांचं एकमत, बेअरिंग जाम. बेअरिंग बदलली, ग्रीस बदललं, अलाइनमेंट झाली, आकडा तस्साच. मी म्हटलं चॅनल तेच ठेवा, फक्त सेन्सर अदलाबदल करा आणि हळू फिरवून झिरो, म्हणजे लोड नसतानाचं रीडिंग, परत घ्या. आता टॉर्क उणे वाढायला लागला! बेअरिंग असं करत नाही. एक सेन्सर जळाल्यावर कुणीतरी ड्रॉवरमधला दुसऱ्याच जातीचा लावला होता, तो स्लो, पल्स उशिरा देणारा. 3000 आरपीएमला दोन सेन्सरच्या उशिरात 1 मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे 0.018 अंश, वरच्या हिशोबात अडीच टक्के चूक, आणि ती स्पीडबरोबर वाढते. म्हणून मी दोन्ही सेन्सर एकाच बॅचचे घेतो, रेझिस्टरही सारखेच, आणि नो-लोड झिरो तीन-चार स्पीडला घेतो. थांबलेल्या शाफ्टवर झिरो घेणाऱ्यांना काय सांगायचं, तिथे पल्सच येत नाहीत.

डायमीटर ड्रॉइंगवरून घेऊ नका, मायक्रोमीटर लावा, कारण टॉर्कच्या सूत्रात डायमीटरचा चौथा घात आहे, 1 टक्का चुकलात की टॉर्क 4 टक्के चुकला.

दोन डिस्कच्या मध्ये स्प्लाइन (खाचांचा जोड) किंवा कपलिंग नको, त्याचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, पण पीळ म्हणून मोजला जातो.

ट्यूबलाइट 100 हर्ट्झने लुकलुकते, सेन्सरवर झाकण घाला.

आणि रीडिंग नाचतं म्हणून मनाला येईल तेवढ्यांचं अ‍ॅव्हरेज मारायचा शॉर्टकट नको, डिस्क थोडी एक्सेंट्रिक, म्हणजे केंद्रातून सरकलेली, असतेच, ती चूक दर फेऱ्याला परत येते, तेव्हा अ‍ॅव्हरेज घ्यायचंच तर पूर्ण फेऱ्यांचं घ्या.