चालीच्या विश्लेषणाचे निकष ठरवताना या चुका टाळा

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार) असलेल्या मुलाच्या मांडीचं हाड शस्त्रक्रियेनं फिरवायचं का, फिरवायचं तर किती अंश, हे ठरवताना सर्जन गेट लॅबचा, म्हणजे चालण्याची मोजणी करणाऱ्या प्रयोगशाळेचा, आलेख पाहतो. तो आलेख 10 अंशांनी चुकीचा असेल तर चूक थेट हाडात उतरते. म्हणून निकषात प्रत्येक वाक्य असं हवं की ते पाळलं गेलं का, हे मोजून सांगता येईल.

कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झालं म्हणजे लॅब अचूक, असं धरणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. कॅमेरे मार्करची (त्वचेवर लावलेल्या छोट्या खुणेच्या गोळ्यांची) जागा मिलिमीटरच्या आत पकडतात, पण मार्कर चिकटवतो माणूस. गुडघ्याच्या आतल्या व बाहेरच्या मार्करमध्ये साधारण 10 सेंमी अंतर असतं. त्यातला एक 1 सेंमी पुढे लागला की गुडघ्याचा अक्ष (ज्या रेषेभोवती गुडघा वाकतो ती) जवळपास 6 अंशांनी फिरतो आणि खुब्याच्या रोटेशनचा (आत-बाहेर फिरण्याचा) आलेख तेवढाच सरकतो.

ही चूक ओळखता येते. पाय हवेत असताना गुडघा वाकतो, त्याच वेळी गुडघा आत-बाहेर झुकल्याचा आलेखही त्याच लयीत 10 अंशांहून जास्त वर किंवा खाली जात असेल, तर आधी अक्षावर संशय घ्यावा. रुग्ण लॅबमध्ये असतानाच हा आलेख पाहणं बंधनकारक करा. तो घरी गेल्यावर कळून उपयोग नाही.

शिवाय मार्कर लावणाऱ्या प्रत्येकाची पुनरावृत्ती-चाचणी ठेवा: त्याच व्यक्ती, वेगळे दिवस, वेगळे तपासनीस. फरक 2 अंशांपर्यंत असेल तर उत्तम. 2 ते 5 अंश चालतील, पण अर्थ लावताना तो फरक लक्षात ठेवावा लागतो. 5 च्या वर गेला तर निष्कर्ष भरकटू शकतो. खुबा व गुडघ्याच्या रोटेशनमध्ये हा फरक सर्वाधिक येतो, तेव्हा सगळ्या सांध्यांची एकच सरासरी काढू नका.

फोर्स प्लेटचं वार्षिक प्रमाणपत्र पुरेसं मानणं

फोर्स प्लेट म्हणजे पावलाचं बल मोजणारी, फरशीत बसवलेली पाटी. ती वजन बरोबर दाखवते, पण कॅमेऱ्यांच्या नकाशात तिची जागा चुकलेली असू शकते. कॅमेरे हलवले, फरशीचं काम झालं, की हे घडतं. दाबाचा बिंदू 10 मिमी सरकला तर 80 किलोच्या व्यक्तीत गुडघ्याच्या मोमेंटमध्ये (सांध्याला फिरवणाऱ्या जोरात) सुमारे 8 न्यूटन-मीटरची चूक येते. मार्कर लावलेली टोकदार दांडी प्लेटवर अनेक ठिकाणी तिरकी दाबा. बलाची रेषा दांडीच्या रेषेवरच पडायला हवी. प्रत्येक मोठ्या बदलानंतर ही तपासणी हवी. रुग्णाला मात्र ‘प्लेटवर पाय टाका’ असं कधीही सांगू नये, त्यानं पाऊलच बदलतं. दोन्ही पाय एकाच प्लेटवर पडले तर त्या पावलाचा बलाचा डेटा बाद.

परक्या लॅबचा ‘नॉर्मल’ पट्टा छापणं

‘नॉर्मल’ पट्टा म्हणजे आलेखावर दाखवलेली निरोगी लोकांच्या मोजमापांची मर्यादा. मार्कर मॉडेल (मार्कर कुठे लावायचे याची पद्धत) वेगळं असलं की तुलना खोटी ठरते. वेगाचंही तसंच. सावकाश चालणाऱ्या निरोगी माणसाचा गुडघाही पाय उचलताना कमी वाकतो. मग 0.6 मीटर प्रतिसेकंदानं चालणाऱ्या मुलाला 1.2 च्या पट्ट्यावर ठेवलं, तर निव्वळ सावकाशपणा विकार म्हणून नोंदला जातो. पट्टा स्वतःच्या लॅबचा, वयोगटानुसार आणि वेगानुसार बनवा.

फक्त सरासरी दाखवणं

किमान 5 पावलांचे आलेख एकावर एक छापा. रेषा विखुरलेल्या असतील तर सरासरीचं पाऊल त्या मुलानं प्रत्यक्षात कधी टाकलेलंच नसेल.