अलास्कातले पहिले उड्डाण: कराडच्या धावपट्टीवर शिकलेल्या वैमानिकांसाठी

कराडच्या धावपट्टीवर उड्डाण शिकून पुढे कधीतरी एक इंजिनाचे विमान घेऊन अलास्का पाहावा, असे ज्या सातारा-सांगलीकडच्या वैमानिकांच्या मनात असेल, त्यांनी तयारीची सुरुवात नकाशापासून न करता कागदपत्रांपासून करावी. तेथील नोंदणीचे विमान चालवण्यासाठी एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचे, प्रमाणपत्र लागते. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्याकडच्या नियामकाच्या, परवान्याच्या आधारे ते मिळू शकते. मात्र आधी परवान्याच्या पडताळणीसाठी अर्ज करावा लागतो आणि या पत्रव्यवहारात दोन-तीन महिने सहज जातात. पडताळणीचे पत्र सहा महिनेच चालते, म्हणून जूनमध्ये उडायचे असल्यास फेब्रुवारीत अर्ज गेलेला बरा. आपल्याकडे व्यावसायिक परवाना असला, तरी या मार्गाने केवळ खासगी वैमानिकाचे अधिकार मिळतात.

त्यानंतर स्थानिक प्रशिक्षकासोबत उड्डाण-उजळणी करावी लागते. ती तासाभरात उरकून सही घेण्याचा मोह होतो, पण माझ्या मते अख्ख्या सहलीत सर्वांत शहाणपणाचा खर्च कोणता असेल, तर त्याच प्रशिक्षकाला आणखी दोन-तीन दिवस शेजारी बसवण्याचा. भाड्याच्या विमानाच्या विम्यात कच्च्या धावपट्टीवर उतरण्याची मुभा आहे की नाही, हेही त्याच वेळी लेखी विचारून घ्यावे.

आकड्यांच्या सवयी बदलाव्या लागतात. आपण हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये ऐकतो, तेथे तो पाऱ्याच्या इंचांत सांगतात. दृश्यता किलोमीटरऐवजी मैलांत आणि इंधन लिटरऐवजी गॅलनमध्ये असते. याहून घातक फरक होकायंत्राचा आहे. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच असल्याने तो फरक धरण्याची सवय हाताला लागलेलीच नसते. अँकरेजच्या परिसरात मात्र तो पूर्वेकडे १४-१५ अंश आहे, आणि नकाशावरच्या दिशेतून तो वजा करायचा राहिला तर ६० मैलांनंतर विमान सुमारे १५ मैल बाजूला, बहुधा भलत्याच दरीत, गेलेले असते.

दऱ्या हाच तेथील उड्डाणाचा गाभा आहे. डेनाली शिखर ६,१९० मीटर उंच. अशा पर्वतरांगा छोटे विमान वरून ओलांडत नाही, तर लेक क्लार्क पास किंवा रेनी पास यांसारख्या खिंडींतून पार करते. पावसाळ्यात कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी ढग कसा बसतो हे ज्याने कराडहून पाहिले आहे, त्याला खिंडीचे अर्धे शिक्षण मिळालेलेच आहे. उरलेले अर्धे असे, की तेथे दरी पुढे वळते, अरुंद होते आणि तिचा तळ विमानाच्या चढण्याच्या वेगाहून जास्त वेगाने वर येऊ शकतो. म्हणून दरीच्या मधून न जाता उजव्या कडेने जावे, म्हणजे समोरून येणाऱ्या विमानाला वाट राहते आणि डावीकडे वळून मागे फिरायला पूर्ण रुंदी मिळते. कोणत्या ठिकाणी, किती उंचीवर ढग लागला तर परत फिरायचे, हे निघण्यापूर्वीच नकाशावर पेन्सिलीने खूण करून ठरवावे. मेरिल पास तर नवख्याने सोडूनच द्यावा. तेथे आदळलेल्या विमानांचे सांगाडे अजून पडून आहेत.

हवामानासाठी एफएएने अलास्कात दोनशेहून अधिक ठिकाणी कॅमेरे लावले आहेत. ताज्या चित्राशेजारी त्याच जागेचे निरभ्र दिवशीचे चित्र असते आणि त्यावर कोणता डोंगर किती मैलांवर आहे हे लिहिलेले असते. त्यातला कोणता डोंगर आज दिसत नाही, एवढे पाहिले तरी दृश्यतेचा अंदाज बांधता येतो. खिंडीच्या दोन्ही तोंडांचे आणि मधले चित्र पाहावे; तिन्ही स्वच्छ नसतील तर चहा घेत थांबावे. जूनमध्ये फेअरबँक्सला दिवस २१ तासांहून मोठा असल्याने थांबून काही बिघडत नाही, उलट उजेड आहे म्हणून थकल्यावरही उडत राहण्याचाच धोका अधिक असतो.

खडीच्या धावपट्टीवर जागच्या जागी उभे राहून इंजिनाची तपासणी करू नये, कारण प्रोपेलर खडे ओढून घेते. ती हळूहळू पुढे सरकत करावी. प्रत्येक उड्डाणाआधी पात्यांच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवून नवी खाच लागते का ते पाहावे आणि लागल्यास मेकॅनिकला दाखवल्याशिवाय निघू नये.

अलास्काच्या कायद्यानुसार विमानात अन्न, प्रथमोपचार पेटी, आग पेटवण्याचे साधन आणि इशारा देण्याचे साधन असे आणीबाणीचे साहित्य असावे लागते. हिवाळ्यात यात आणखी भर घालावी. लायटर, चाकू आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र मात्र सामानात न ठेवता अंगावरच्या जाकिटात ठेवावे, कारण पेटत्या किंवा बुडत्या विमानातून माणूस फक्त अंगावरचे घेऊन बाहेर पडतो. अस्वलासाठीचा तिखट फवारा केबिनमध्ये ठेवू नये. तो फुटला तर वैमानिकच आंधळा होईल. तेथील लोक तो पंखाच्या आधारदांडीला बाहेरून चिकटपट्टीने बांधतात.

आपल्याकडे हवाई संरक्षण परवानगीचा क्रमांक घेऊन निघायची सवय असल्याने कोणीतरी लक्ष ठेवून आहे असे वाटत राहते. तेथील बहुतेक आकाशात कोणी पाहत नसते. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत हे आपणच सांगत जायचे असते. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अँकरेजहून जूनोला निघालेले, हेल बॉग्ज आणि निक बेगिच हे दोन संसद सदस्य असलेले सेस्ना ३१० विमान ३९ दिवस शोधूनही सापडले नाही, आणि आजवर सापडलेले नाही. म्हणून उड्डाण योजना ‘फ्लाइट सर्व्हिस’ या वैमानिकांसाठीच्या माहिती सेवेकडे नोंदवावी, त्यात कोणत्या खिंडीतून जाणार हे लिहावे आणि वाट बदलल्यास रेडिओवर कळवावे. उतरल्यावर ती योजना आपणहून बंद करावी लागते, कारण ठरलेली वेळ टळून अर्धा तास झाला की चौकशी सुरू होते. ज्या गावी मोबाइलला रेंज नसेल, तेथे उतरण्यापूर्वी हवेतूनच रेडिओवर ती बंद करून घ्यावी.