डॉग ट्रीट्सचा घरगुती धंदा: या चुका टाळा

कुत्र्याला आवडलं म्हणजे धंदा जमला, असं समजू नका. वाळवलेली कलेजी कुठलं कुत्रं नाकारतं? माल परत येतो तो बुरशी धरल्यामुळे, आणि पैसे बुडतात ते हिशेब कच्चा राहिल्यामुळे.

कोल्हापुरात पावसाळ्यात डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात. चिकनच्या पट्ट्या एप्रिलमध्ये टिकल्या म्हणून तीच पद्धत जुलैत चालेल, या भरवशावर राहू नका. पट्टी बाहेरून कडक आणि मोडल्यावर आत ओलसर निघते? सुरुवातीलाच आच जास्त लागली. वरचा थर आवळतो, आतलं पाणी आतच अडकतं. मांस अर्धवट गोठवून कापा, म्हणजे जाडी सारखी येते. चरबी आणि कातडी काढून टाका, नाहीतर माल लवकर खवट होतो. नुसतं वाळवल्याने जंतू मरतात, हाही गैरसमजच. आधी वाफेवर किंवा ओव्हनमध्ये मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सिअसला न्या, मग वाळवा. त्यासाठी थर्मामीटर घ्याच, अंदाजपंचे काम नको.

एवढं करूनही पाऊचला आतून घाम सुटत असेल तर माल गरम असतानाच भरला गेलाय. पूर्ण गार करा, काचेच्या बरणीत तीन-चार दिवस ठेवा आणि रोज बघा. काचेवर थेंब दिसले की पुन्हा वाळवायला टाका. सिलिका जेलची पुडी ओला माल सुकवत नाही. शिवाय ‘खाऊ नये’ हे कुत्र्याला वाचता येत नाही, त्यामुळे पुडी सुटी टाकू नका, आतल्या बाजूला चिकटवून टाका.

आता आपल्याकडची खास अडचण, कांदा-लसूण. ‘आमचा मोत्या रोज रस्सा-भाकरी खातो, त्याला काय होत नाही,’ असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतील. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणून रश्श्यासाठी कांदा-लसूण घालून काढलेला आळणी स्टॉक बिस्किटाच्या पिठात घालू नका. मनुका, द्राक्षं, चॉकलेट वर्ज्य. पीनट बटर वापरत असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) नाही ना, हे डब्यावर वाचा. शिजवलेली हाडं चिरफळतात, तीही नकोत. आणि गूळ आपला कितीही नावाजलेला असो, कुत्र्याला त्याची गरज नाही.

सगळ्यात जास्त लोक भावात फसतात. एक किलो बोनलेस चिकन वाळून साधारण 250 ते 300 ग्रॅम उरतं. चिकन किलोला 300 रुपये पडलं असं धरा, म्हणजे 100 ग्रॅमच्या पाकिटात 100 ते 120 रुपयांचं नुसतं चिकनच गेलं. ‘दोनशेला कोण घेणार’ म्हणून 150 छापले आणि राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानदाराने 30 टक्के मागितले, तर हातात 105 उरतात. वीज, पाऊच, लेबल, तुमची मेहनत सगळं खिशातून. भाव पाडण्यापेक्षा पाकीट 40-50 ग्रॅमचं करा. तसंही ट्रीट्स दिवसाच्या एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांपलीकडे देऊ नयेत, हे पाकिटावर छापलं तर गिऱ्हाईकाचा विश्वासच वाढेल.

दुकानात माल ठेवलात तर अधूनमधून स्वतः जाऊन बघा. काचेच्या शोकेसमध्ये दुपारचं ऊन खात पडलेलं पाकीट खवट होतं आणि नाव तुमचं खराब होतं. ‘विकलं की पैसे देतो’ यावर पहिल्यांदा पाच-दहा पाकिटांच्या वर देऊ नका. सुरुवातीला दोनच प्रकार पुरेत, दहा फ्लेवर म्हणजे दहा प्रकारचा शिळा माल.

पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर हवाच. जीएसटीचं मात्र बरेच जण अर्धवट ऐकतात. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे खरं. पण निपाणी-बेळगाव आपल्याला शेजारचं वाटलं तरी कर्नाटकात आहे, आणि राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी आधी लागते.