नव्या शिफ्ट मॅनेजरांनो, आधी आपली ओळख लिहून काढा

गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात मी उत्पादन सांभाळते. डिचोली, पेडणे, सावंतवाडीकडून येणारी मुलं बढतीने मॅनेजर झाली की त्यांना मी पहिलं काम देते: पदनाम न वापरता स्वतःच्या कामाची ओळख लिहा. ‘मी टार्गेट गाठणारा’ आणि ‘मी सही केलेली गोळी रुग्णाच्या पोटात जाते’ या ओळखींतून शिफ्टवर दोन वेगळी माणसं उभी राहतात.

मग बोलणं, इथे जास्त वेळ द्या. ब्राउन, ट्रेव्हिन्यो आणि हॅरिसन या संशोधकांनी २००५ साली मांडलेल्या नैतिक नेतृत्वाच्या व्याख्येत स्वतःच्या वागण्याबरोबर दुतर्फा संवादही आहे. मनातली सचोटी हाताखालच्या माणसांना आपोआप दिसत नाही.

शिफ्ट बदलताना ‘किती बॅच झाल्या?’ याआधी ‘काय अडलं?’ हे विचारा. बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदींत, आकडा चुकला तर जुना वाचता येईल अशी एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. पांढरी शाई अजिबात नाही. नियमामागचं कारणही समजावा. कुणी चूक स्वतःहून कळवली तर सगळ्यांसमोर आभार माना. तेव्हा आवाज चढला तर पुढची चूक तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

निर्णय का घेतला ते मराठी-कोंकणीत, समोर उभं राहून सांगा. ‘माल आजच पाठवा’ असा वरून फोन आला, तर ‘क्यूएची (गुणवत्ता हमी विभागाची) मंजुरी आलेली नाही’ हे उत्तर टीमसमोरच द्या. फोन घेऊन बाजूला जाऊ नका.