बेस गिटारच्या नेकला (मानेला) हेडस्टॉकपाशी (खुंट्या असतात त्या टोकापाशी) चीर गेली तर घरी कशी जोडायची

बेस स्टँडवरून मागे पडला आणि नटच्या, म्हणजे तारा जिच्यावरून हेडस्टॉककडे जातात त्या छोट्या पट्टीच्या, मागच्या बाजूला केसासारखी रेघ दिसली की पोटात गोळा येतो. माझ्या महोगनी नेकच्या, गिब्सन ईबी-3 च्या वळणाच्या बेसचं हेच झालं होतं. पण ही चीर घरी जोडता येते, फक्त घाई करू नका.

आधी तारा ढिल्या करा, फोटोबिटो नंतर. वाजणाऱ्या तारेची लांबी 34 इंच असलेल्या बेसवर चारही तारांची मिळून ओढ 70-80 किलोच्या घरात जाते, आखूड तारांच्या (शॉर्ट स्केल) बेसला जरा कमी, आणि ती ओढ चीर उघडतच राहते. मग ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या, तारांची ओढ तोलणाऱ्या धातूच्या सळीचा, फिरवायचा नटही सैल करा. नेक इथेच का मोडतो तर हेडस्टॉक मागे कललेला असतो, लाकडाची रेघ (तंतूंची दिशा) तिथे आडवी कापली जाते, आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडच्या नटासाठी लाकूड कोरून काढलेलं असतं. फेंडरसारख्या सरळ हेडस्टॉकच्या मेपल नेकला हा त्रास फार कमी, आणि झालाच तर चार स्क्रू काढून नेकच बदलता येतो.

आता चीर नीट बघा. लांब आणि तिरकी असेल, लाकडाच्या रेघेबरोबर गेली असेल तर उत्तम, गोंदाला धरायला जागा भरपूर मिळते. आखूड आणि आडवी असेल किंवा मधले तुकडेच गायब असतील तर घरी नका करू, त्याला आतून लाकडी पट्ट्या बसवाव्या लागतात, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. तुटलेल्या जागेला बोटं लावू नका आणि पॉलिशपेपर तर अजिबात मारू नका, ते उभे राहिलेले तंतूच एकमेकांत बसून जागा पकडतात.

गोंद लाकडाचाच घ्या, टाइटबाँड मिळाला तर तो, नाहीतर ताजा फेविकॉल. फेवीक्विक नको, ते आत पसरायच्या आधीच धरतं आणि एकदा वाकडं बसलं की बसलं. स्क्रू किंवा खिळा तर कधीच नाही!

गोंद लावायच्या आधी कोरडी तालीम करा, मी तीन वेळा केली होती. दोन सी-क्लॅम्प, लाकडाच्या दोन सपाट पट्ट्या, पट्ट्यांखाली बटर पेपर म्हणजे त्या नेकला चिकटणार नाहीत, आणि मागच्या गोलाईला रबराचा किंवा कॉर्कचा तुकडा. क्लॅम्प आवळल्यावर हेडस्टॉक बाजूला सरकतो का बघा, सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, सरकत असेल तर बाजूनेही एक क्लॅम्प लावा.

मग हेडस्टॉक हलक्या हाताने पुढे, तारा ओढतात त्या दिशेने दाबून चीर जराशी उघडा, सिरिंजने गोंद सोडा आणि पातळ ब्लेडने किंवा दात साफ करायच्या फ्लॉसने आतपर्यंत ढकला. चीर दोन-चार वेळा उघडमीट केली की गोंद आत ओढला जातो. ट्रस रॉडच्या आट्यांवर आधीच थोडं मेण चोळून ठेवा, तिथे गोंद वाळला तर रॉड जाम होईल. आता क्लॅम्प आवळा, सगळ्या रेघेवरून गोंदाचे बारीक थेंब बाहेर आले पाहिजेत, जिथे आले नाहीत तिथे आत गोंद पोचलेला नाही, सोडून पुन्हा भरा. जास्तीचा गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा, वाळल्यावर फिनिश खरवडावं लागतं.

क्लॅम्प 24 तास तसेच. त्यानंतर आणखी दोन दिवस तारा चढवू नका, आणि कोकणात-मुंबईत पावसाळा असेल तर मी चार-पाच दिवस थांबेन कारण दमट हवेत हा गोंद फार सावकाश वाळतो.

तारा चढवताना आधी सगळ्या दोन स्वर खाली लावून रात्रभर ठेवा. सकाळी जोडावरून नख फिरवा, रेघ लागली नाही तर पूर्ण ट्यूनिंगला आणा. मग ट्रस रॉड थोडा थोडा, एका वेळी पाव फेरा. पहिला आणि शेवटचा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) यांवर तार दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं, साधारण 0.3 मिलिमीटर, की वाजवायला घ्या.