बंद झालेल्या मॉडेलची पेट्रोल गाडी टिकवताना

1976 साली बाजारात आलेल्या फोर्ड फिएस्टाचे उत्पादन जुलै 2023 मध्ये थांबले आणि जर्मनीतील कोलोनचा तिचा कारखाना विजेवरच्या गाड्यांकडे वळला. अशी बंद झालेली गाडी आपल्याकडे असेल, तर ती घाईने विकू नये.

ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग हे भाग इतर उत्पादकही बनवत असल्याने ते दीर्घकाळ मिळतात. दुर्मीळ होतात ते हेडलाइट, दरवाजे आणि डॅशबोर्डचे प्लास्टिक, म्हणून त्यांना जपावे. भाग मागवताना 17 अक्षरी-अंकी चासी क्रमांक द्यावा, कारण एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलला दोन प्रकारचे ब्रेक असू शकतात.

सर्वाधिक लक्ष टायमिंग बेल्टकडे, म्हणजे इंजिनातील पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याकडे द्यावे, असे माझे ठाम मत आहे. उत्पादकाने सांगितलेले किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जी मर्यादा आधी पूर्ण होईल तेव्हा तो बदलावा. तो तुटल्यास अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते. काही इंजिनांत हा पट्टा तेलातच फिरतो. तेथे चुकीच्या प्रतीचे तेल घातल्यास रबर झिजून त्याचे बारीक काळे तुकडे तेलाच्या गाळणीत अडकतात आणि इंजिनाला वंगण पोहोचेनासे होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

गाडी क्वचितच वापरात असेल, तर ती जागेवर नुसती सुरू ठेवण्याऐवजी इंजिन पूर्ण तापेपर्यंत रस्त्यावर चालवावी.